एक पट्टा कोरा ठेवा



डवरणीचे फेर सुरू झाले की गावोगावच्या कृषी केंद्रांत नव्या बाटल्या दिसू लागतात. पात्या गळू नयेत म्हणून एक, बोंड फुगावे म्हणून दुसरी, ज्वारीचे कणीस भरावे म्हणून तिसरी. पीक साधले तर बाटलीचा गुण. नाही साधले तर पावसाने दगा दिला, फवारणी उशिरा झाली, प्रमाण चुकले. यश बाटलीचे, अपयश शेतकऱ्याचे, आणि उधारी तर शेतकऱ्याचीच!

या पापात मीही वाटेकरी आहे. कृषीची पदवी घेऊन नोकरीला लागलो तेव्हा प्रात्यक्षिकाचा प्लॉट निवडणे माझ्याकडे असे. रस्त्यालगतची भारी जमीन शोधायची, मेहनती शेतकरी गाठायचा आणि शेजारच्या बरड रानाशी तुलना करून पाटी लावायची. एका शिवारफेरीत एका म्हाताऱ्याने विचारले, "साहेब, हेच औषध माझ्या वावरात अर्ध्या भागात मारून दाखवता का?" मी विषय बदलला. पाटीवरचा आकडा खरा होता. पण फरक औषधाने पडला, जमिनीने की मेहनतीने, हे पाटी सांगत नव्हती.

त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नात सगळे शास्त्र होते. आणि हे शास्त्र जन्माला आले तेही शेतातच. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा गणिती तेथे रुजू झाला. अनेक वर्षांचे आकडे तपासताना त्याला दिसले की पाऊस आणि जमिनीचा कस यांनी पडणारा फरक खताचा फरक झाकून टाकतो. त्याने उपाय काढला. शेताचे तुकडे करा. कोणत्या तुकड्याला खत द्यायचे आणि कोणता कोरा ठेवायचा, हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठी टाकावी. आणि एका जोडीवर न थांबता अनेक जोड्या घ्याव्यात. माणसाचा हात नकळत चांगल्या जमिनीकडे वळतो. चिठ्ठीला पक्षपात कळत नाही.

इंजिनिअरचे काम थोडे सोपे असते. पुलाच्या काँक्रीटचे ठोकळे साच्यात ओतून २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. एका मिश्रणाचे ठोकळे बरेचसे सारखेच असतात. पण दोन रोगी सारखे नसतात, तशी दोन वावरेही नसतात. म्हणून डॉक्टरांनी शेतातली चिठ्ठी उचलली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध सर्वांना पुरेल इतके नव्हते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सुचविल्याप्रमाणे बंद पाकिटांतून ठरले, औषध कोणाला मिळणार. ५५ रोग्यांना विश्रांती आणि औषध, ५२ जणांना त्या काळची नेहमीची विश्रांती. क्ष-किरण फोटो तपासणाऱ्यांनाही कोणाला काय दिले ते सांगितले नव्हते. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ दगावले, दुसऱ्या गटात १४. १९४८ मध्ये हा निकाल छापला गेला. औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात, हेही याच चाचणीत दिसले.

आपल्या देशातली गोष्ट तर अधिक बोलकी आहे. क्षयरोग्याला सॅनटोरियमची हवा, पलंग आणि सकस आहार हवाच, असे मानले जाई. १९५६ मध्ये मद्रासला चाचणी सुरू झाली. चिठ्ठीने काही गरीब रोगी सॅनटोरियमात गेले, काहींनी तीच औषधे आपल्या दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या जेवणावर घेतली. १९५९ मध्ये निकाल आला: वर्षभराच्या उपचारानंतर दोन्हीकडे गुण जवळपास सारखाच. घरच्यांना जास्त लागण झाली असेही दिसले नाही. चाचणी केवळ उपयोगाचे काय ते दाखवत नाही, कोणता खर्च वाचवता येतो तेही दाखवते. आपल्याला याचीच गरज आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने जैव-संजीवके खत नियंत्रण आदेशाखाली आणली आणि परिणामकारकतेच्या चाचण्यांचे आकडे मागितले. ठीक झाले. पण दुसरीकडच्या जमिनीवरचा आकडा तुमच्या बरडावर लागू पडेलच असे नाही.

म्हणून या हंगामात प्रत्येक गावात निदान आठ-दहा जणांनी एवढे करावे. एकाच वावरात, एकाच दिवशी पेरलेल्या, एकाच वाणाच्या पिकात आठ-आठ ओळींचे दोन शेजारचे पट्टे आखा. नाणे उडवून ठरवा, औषध कोणत्याला. दुसऱ्यावर तेवढेच साधे पाणी फवारा. बाकी खत, डवरणी, निंदण सारखे. फवारा उडून शेजारी जातो, म्हणून दोन्हीकडच्या कडेच्या दोन-दोन ओळी मोजणीतून वगळा. कापसाचा प्रत्येक वेचा वेगळा तोला; ज्वारीचे धान्य आणि कडबाही. बाटली आणि मजुरीचा खर्च समोर मांडा. मग सगळ्या गावाचे आकडे एकत्र करा. एका वावराचा निकाल योगायोग असू शकतो. दहापैकी नऊ वावरांत वाढ दिसली तर बाटलीत काही आहे. पाच ठिकाणी वाढ आणि पाच ठिकाणी घट दिसली, तर तुम्ही पाणीच विकत घेतले असण्याची शक्यता मोठी.

पुढच्या जिल्हा बैठकीला हे कागद घेऊन या. फायदा दिसला नाही तरी आणा. लपवलेले अपयश दुसऱ्या शेतकऱ्याच्या खिशातून वसूल होते. आणि विक्रेता दारात आला तर त्याला एकच विचारा: "कोरा पट्टा कुठे आहे?"