चिल्क्याहून लोणावळ्याला

बेळगावकडील मराठी घरांना पलटणीची ओळख करून द्यावी लागत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्रच तेथे असल्याने भरती म्हणजे काय, हे तेथील मुलांना लहानपणीच कळते. आरमाराचे मात्र तसे नाही. मुलगा नौदलात जातो आणि तांत्रिक शिक्षणासाठी त्याची रवानगी लोणावळ्याला होते, तेव्हा आईवडील बुचकळ्यात पडतात. जहाजावर जाणारा मुलगा घाटमाथ्यावर काय शिकणार? प्रश्न रास्त आहे. त्याचाच आज थोडा विचार करू.

नव्या नौसैनिकाचे पहिले पाऊल ओडिशातील चिल्का सरोवराकाठी, 'आय. एन. एस. चिल्का' येथे पडते. कवायत, पोहणे, शस्त्र हाताळणे आणि शिस्त यांचे प्राथमिक धडे तेथे मिळतात. पुढे शाखेनुसार वाटा फुटतात. यंत्रशाखेची मुले लोणावळ्याच्या 'आय. एन. एस. शिवाजी'त, तर वीजशाखेची जामनगरच्या 'आय. एन. एस. वालसुरा'त दाखल होतात. पहिली संस्था १९४५ सालची, दुसरी १९४२ ची. दोन्ही महायुद्धाच्या धामधुमीत उभ्या राहिल्या.

बंदर सोडलेले जहाज म्हणजे एक स्वयंपूर्ण गावच. वीज तेथेच निर्माण करावयाची, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी तेथेच करावयाचे आणि यंत्र बिघडले तर दुरुस्तीही तेथेच. शहरातून मिस्त्री बोलावण्याची सोय नसते. म्हणूनच इंजिने, पंप, झडपा यांच्याशी जमिनीवरच परिचय करून घ्यावा लागतो. शिवाय आग आणि पाणी यांच्याशी झुंजण्याची विद्या असते. जहाजासारख्या हलणाऱ्या सराव-कक्षात भगदाडांतून पाणी आत सोडतात आणि मुलांनी त्या पाण्यात उभे राहून लाकडी पाचरी ठोकीत ती बुजवावयाची असतात. नौदलासाठी असे कक्ष गोवा शिपयार्डनेही बांधले आहेत.

या शिक्षणाचे मोल आता अधिकच वाढले आहे. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती चार वर्षांची असते आणि त्यांतील फार तर पंचवीस टक्के तरुणांना कायम करण्याची तरतूद आहे. त्याच योजनेने नौसैनिकांच्या श्रेणीत मुलींनाही प्रथमच प्रवेश दिला. उरलेले तरुण ऐन उमेदीत घरी परततील. सेवानिधीची रक्कम हाती असेल. पण रक्कम खर्चून संपते. हाताला जडलेले कसब तेवढे मागे उरते. नौदलातील अग्निवीरांना व्यापारी जहाजांकडे वळता यावे, यासाठी केंद्र शासनाने २०२२ सालीच योजना जाहीर केली आहे. तिचा लाभ घेण्यासही पाया पक्का हवा.

आमच्या मुलांजवळ एक शिदोरी आधीपासूनच आहे. घरी मराठी, अंगणात कानडी, गुजराती वा कोकणी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी, असे वाढलेले मूल देशभरातून आलेल्या सोबत्यांत सहसा बावरत नाही.

पालकांना आमची एवढीच विनंती, की मुलाचा फोन आला म्हणजे 'जेवलास का?' हे अवश्य विचारावे. त्याबरोबरच 'आज कोणते यंत्र उघडलेस?' हेही विचारावे. उत्तर सगळे समजले नाही तरी चालेल. घरी कोणी ऐकणारे आहे, एवढे त्याला कळले तरी तो दुसऱ्या दिवशी अधिक लक्ष देऊन शिकेल. आणि शिक्षणक्रमाची प्रमाणपत्रे घरी आली, की ती कपाटात जपून ठेवावीत. चार वर्षांनी त्यांची गरज पडेल.