संगणकांचे शिष्टाचार

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्यातील एक तालुका. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. नदीपलीकडे तेलंगण राज्य लागते. या भागात मराठी, कोलामी, गोंडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच बाजारात भेटतात. अशा तालुक्याच्या गावी एखादा विद्यार्थी दाखला काढायला किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला जातो. सोबत वडील असतात. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. खिडकीतून उत्तर मिळते, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." बापलेक मुकाट्याने घरी परततात.

त्यांचे असे मुकाट्याने परतणे मला खटकते. काय बिघडले, कुठे बिघडले, हे त्यांना विचारता येत नाही. कारण संगणकांचे जाळे कसे चालते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. खरे तर त्या जाळ्याचे मूळ नियम अगदी सोपे आहेत. ते प्रत्येक शाळेत शिकवले पाहिजेत, असे माझे मत आहे.

या नियमांना 'प्रोटोकॉल' म्हणतात. प्रोटोकॉल म्हणजे शिष्टाचार. तुमच्या उर्दूत त्यांना आदाब म्हणता येईल. दोन अनोळखी माणसे भेटली, की एक सलाम करतो, दुसरा त्याचे उत्तर देतो आणि मग बोलणे सुरू होते. संगणकही असेच करतात. पहिला विचारतो, "बोलू का?" दुसरा म्हणतो, "बोल. माझेही ऐकू येते ना?" पहिला सांगतो, "येते." या तीन पायऱ्या झाल्यावरच खरा मजकूर निघतो.

पण हा मजकूर नेमक्या ठिकाणी पोहोचतो कसा? यासाठी आपल्या टपालखात्याकडे पाहू. आपल्या देशात एकाच नावाची कितीतरी गावे आहेत. पत्तेही वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले असतात. त्यामुळे पत्रे भलतीकडे जात. यावर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने सहा आकडी पिनकोडची योजना आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. यवतमाळ शहराचा पिनकोड ४४५००१ आहे. पहिला ४ वाचला, की पत्र देशाच्या कोणत्या विभागात पाठवायचे ते कळते. पुढचे आकडे त्याला जवळ जवळ नेतात. पत्ता कोणत्याही भाषेत असो, आकडा वाट दाखवतो.

इंटरनेटवरही असाच आकडी पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. माणसाला मात्र आकड्यांपेक्षा नावे लक्षात राहतात. म्हणून आपण नाव लिहितो आणि 'डीएनएस' नावाची व्यवस्था त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देते.

आता समजा, एक जाड पुस्तक तुम्ही एकेक पान वेगळ्या पाकिटात घालून मुंबईला पाठवले. काही पाकिटे वणीमार्गे गेली, काही पांढरकवड्यामार्गे. काही आधी पोहोचली, काही उशिरा. पण प्रत्येक पानावर क्रमांक असेल, तर पुस्तक पुन्हा जुळवता येईल. एखादे पान हरवले, तर तेवढेच परत मागवता येईल. इंटरनेटवर संदेशाचे असेच तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट पत्त्यावर नेण्याचा नियम तो आयपी. ती क्रमाने जुळवून हरवलेली पुन्हा मागवण्याचा नियम तो टीसीपी. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७४ साली या नियमांची मांडणी प्रसिद्ध केली. १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतील 'अर्पानेट' हे जाळे या नियमांवर चालू लागले. भारतात १९८६ साली शिक्षणसंस्थांना जोडणारे 'अर्नेट' सुरू झाले. पुढे १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य नागरिकांना इंटरनेट मिळू लागले.

हे नियम कोणाच्या मालकीचे नाहीत. ते कोणीही वाचावेत, कोणीही वापरावेत. त्यांना कोणतीही भाषा परकी नाही. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. मराठीतील 'क' चा क्रमांक २३२५. उर्दूतील 'किताब' या शब्दाच्या पहिल्या अक्षराचा क्रमांक १७०५. जाळ्यातून जातात ते हे आकडे. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, उर्दू उजवीकडून डावीकडे. पण ते दाखवण्याचे काम पडद्याचे. वाटेतल्या यंत्रांना त्याने काहीच फरक पडत नाही.

कोणी म्हणेल, "एस. टी. ने जाणाऱ्या माणसाला इंजिन कळायलाच हवे का?" इंजिन कळले नाही तरी चालेल. पण गाडीवरची पाटी वाचता आली पाहिजे आणि गाडी कोणत्या रस्त्याने जाते हेही ठाऊक असले पाहिजे. नाहीतर कोणीही त्याला भलत्या गाडीत बसवील. जाळ्याचे नियम म्हणजे इंजिन नव्हे. ती पाटी आहे आणि तो रस्ता आहे.

आता पुन्हा त्या खिडकीपाशी जाऊ. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी असलेला, आपण मागितलेली माहिती देणारा संगणक. विद्यार्थ्याने नम्रपणे विचारावे, "साहेब, दुसरी एखादी साइट उघडते का?" एकही उघडत नसेल, तर दोष बहुधा इथल्याच तारेत, मनोऱ्यात किंवा यंत्रात आहे. तो इथेच दुरुस्त करायला सांगता येईल. बाकी साइट उघडत असतील आणि हीच उघडत नसेल, तर दोष बहुधा पलीकडच्या टोकाला आहे. मग "आज आम्ही आलो होतो, अशी नोंद करून द्या" असे म्हणता येईल. यामुळे काम त्याच दिवशी होईलच असे नाही. पण दोष कुठे आहे हे ज्याला सांगता येते, त्याला नुसते "उद्या या" म्हणून परत पाठवणे कठीण जाते.

मुलांनो, मोबाइलची बटणे दाबायला कोणीही शिकते. त्या बटणामागचा नियम समजून घ्या आणि घरी वडिलांनाही समजावून सांगा. एखाद्या दिवशी त्यांची मजुरी त्यामुळे वाचेल.