कानाला विचारून घ्या!

दोस्तांनो, सणावाराला आजी-आजोबांनी, मामा-मावशीनं हातावर ठेवलेले पैसे साठत साठत हजाराच्या घरात गेले, की डोक्यात खरेदीचे बेत सुरू होतात. हल्ली या बेतांत पहिला नंबर बहुतेक वेळा इअरफोनचा असतो. अभ्यासाचे व्हिडिओ ऐकायला हवेत, गाणी ऐकायला हवेत, आणि खरं सांगायचं तर वर्गातल्या चौघांकडे आहेत म्हणूनही हवेत! हवेत तर जरूर घ्या. छोटीशी चैन करायला काहीच हरकत नाही. फक्त घेण्यापूर्वी रंगाला, जाहिरातीला किंवा मित्राला विचारू नका. कानाला विचारा.

तुमचे आई-बाबा लहान होते तेव्हा ‘वॉकमन’ची अशीच हवा होती. जपानच्या सोनी कंपनीनं पहिला वॉकमन १९७९ साली बाजारात आणला. गंमत म्हणजे, दोघांना मिळून ऐकता यावं म्हणून त्याला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या. पण कॅसेट संपली की गाणं थांबायचं आणि सेल उतरले की यंत्रच थांबायचं. आता गाण्यामागून गाणं आपोआप लागत राहतं. त्यामुळे थांबायचं कधी, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

ते का ठरवायचं? आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक इवलासा अवयव असतो. त्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाज आत शिरला की या पेशींवरची बारीक लव हलते आणि मेंदूला संदेश जातो. मोठ्या आवाजाचा मारा फार वेळ होत राहिला, तर या पेशी मरतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा तयार होतात, माणसाच्या कानात होत नाहीत. दुधाचा दात पडला तर दुसरा येतो, पण ही पेशी गेली की गेलीच! आणि दुखत नाही, खुपत नाही, म्हणून गेल्याचं कळतही नाही.

आता थोडं गणित करू या. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साध्या गप्पा असतात ६० डेसिबलच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेनं इअरफोन ऐकणाऱ्यांसाठी मर्यादा सांगितली आहे. मोठ्यांना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास आणि मुलांना ७५ डेसिबलला ४० तास. आवाज ३ डेसिबलनं वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १० तास आणि ८४ ला फक्त ५ तास. आठवड्याला ५ तास म्हणजे रोज पाऊण ताससुद्धा नाही! बटण दोन-तीनदा दाबताना हे आपल्या लक्षातही येत नाही.

मग चांगला इअरफोन कोणता? याचं उत्तर एका ओळीचं आहे : ज्यातून कमी आवाजात नीट ऐकू येतं, तो चांगला. आपण आवाज वाढवतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या गोंगाटावर मात करायला. इअरफोन कानात नीट बसला, तर गोंगाट बाहेरच राहतो आणि आवाज वाढवावाच लागत नाही.

दुकानात तीन परीक्षा

पहिली, चघळण्याची. इअरफोन घालून चणे-फुटाणे खाल्ल्यासारखा जबडा हलवा आणि मान डोलवा. सटकला तर तुमच्या मापाचा नाही. टोकाला रबरी टोप्या असलेले बहुतेक इअरफोन लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांच्या टोप्यांसह येतात. बऱ्याच मुलांना लहान माप बसतं. दोन्ही कानांचं माप वेगळंही असू शकतं, बरं का! टोपी सैल असेल तर खालचे, घुमारेदार सूर बाहेर निसटतात, गाणं पोकळ वाटतं आणि हात आपोआप बटणाकडे जातो.

दुसरी परीक्षा शब्दांची. आवाज निम्म्यावर ठेवा आणि तबला किंवा ढोलकी असलेलं ओळखीचं गाणं लावा. गाणाऱ्याचा प्रत्येक शब्द कळतो का? की नुसतं ‘धुम धुम’च कानावर आदळतं? शब्द बुडत असतील तर पुढचा नमुना मागा.

तिसरी परीक्षा शेजाऱ्याची. हातभर अंतरावर ताईला उभं करा. तुमच्या कानातलं गाणं तिला ऐकू येत असेल, तर एक तर आवाज जास्त आहे किंवा माप चुकलं आहे.

काही दुकानांत कानात घालून पाहू देत नाहीत. स्वच्छतेच्या दृष्टीनं तेही बरोबरच आहे. मग घरातल्या कुणाचा तरी इअरफोन टोपी धुऊन, पुसून घालून पाहा. निदान आपलं माप तरी कळेल.

खोक्यावरची भाषा

‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. माणसाच्या कानाचा आवाकाच साधारण तेवढा आहे. बहुतेक सगळ्या खोक्यांवर हेच आकडे असतात, तेव्हा त्यावरून निवड होत नाही.

‘एएनसी’ आणि ‘ईएनसी’ यांत एका अक्षराचा फरक, पण काम अगदी वेगळं. एएनसी तुमच्या कानावर येणारा गोंगाट कमी करतं. एसटीच्या इंजिनाची किंवा पंख्याची एकसुरी घरघर त्यानं चांगली कमी होते. ईएनसी फोनवर बोलताना समोरच्याला जाणारा गोंगाट कमी करतं, त्यानं तुमच्या कानाला काहीच फायदा नाही. घाईत वाचलं तर इथे हमखास फसगत होते.

‘४० तास चालेल’ हा आकडा सहसा डबीतल्या बॅटरीसकट धरलेला असतो. एका दमात किती तास, ते विचारा. ‘आयपीएक्स४’ म्हणजे घाम आणि पाण्याचे शिंतोडे चालतील. आंघोळ चालणार नाही!

‘मुलांसाठी सुरक्षित, ८५ डेसिबल’ असंही कुठे कुठे लिहिलेलं दिसेल. मघाचं गणित आठवा. ८४ ला आठवड्याचे ५ तास, मग ८५ ला त्याहूनही कमी. तेव्हा खोकं काहीही म्हणो, वेळेचं भान आपणच ठेवायचं.

तार की बिनतार?

तारेच्या इअरफोनला बॅटरी नाही, म्हणून ती खराब होण्याचा प्रश्नच नाही. तार मात्र नीट गुंडाळून ठेवावी लागते. आणि आपल्या फोनला ती लावायची जागा आहे का, ते आधी पाहायला हवं. बिनतारी इअरफोन सुटसुटीत खरे, पण त्यांतली चिमुकली बॅटरी काही वर्षांत थकते आणि सहसा बदलून मिळत नाही. घरी बसून अभ्यासाचे व्हिडिओ ऐकायचे असतील, तर तारेचा बरा आणि स्वस्तही. उरलेल्या पैशांत चांगल्या टोप्यांचा जादा जोड घ्या. खरी चैन तीच!

आई-बाबांसाठी

बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. बिनतारी इअरफोनवर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ अक्षरापुढे आकडे असलेला नोंदणी क्रमांक असायला हवा. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. बऱ्याच फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ठेवायची सोयही असते. ती मुलांच्या सोबत बसून ठरवा. आणि हो, तीच मर्यादा तुमच्या फोनलाही लावा! मूल टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, कानात ‘गुंऽऽ’ वाजतंय म्हणत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता एक नियम असा की ज्यात तडजोड नाही. रस्ता ओलांडताना, सायकलवर आणि रेल्वेच्या रुळांजवळ कानात काहीही नको. कितीही चांगला इअरफोन असला, तरी मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न तो ऐकवत नाही.

या आठवड्यात एक करून पाहा. रात्री सगळं शांत झालं की घरातल्या इअरफोनवर, शब्द जेमतेम कळतील इतक्या कमी आवाजात एक गाणं ऐका. बटण कुठे आहे ते वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्त्याकडच्या खिडकीत बसून तेच गाणं लावा आणि पुन्हा लिहा. दोन्ही आकड्यांत किती फरक पडला, ते आम्हाला कळवा.

पुढच्या अंकात पाहू या मनगटी घड्याळ : काट्यांचं घ्यावं की पावलं मोजणारं?