विश्लेषण : नोकरीचा ‘फॉरवर्ड’ खरा की सापळा? रायगडच्या किनाऱ्यावर समाजमाध्यमे नोकरी शोधायला किती उपयोगी?

विमानतळावर तातडीने भरती, दहावी पास चालेल, मुलाखत नाही, थेट जॉइनिंग, राहणे-खाणे मोफत. वर विमानाचे चित्र, खाली एक मोबाइल क्रमांक. अशा धाटणीचे संदेश उरणपासून श्रीवर्धनपर्यंत गावकीच्या, मंडळांच्या, अगदी क्रिकेट संघांच्याही व्हॉट्सअॅप गटांत फिरतात. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकललाही हिरवा झेंडा मिळाला. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. किनाऱ्यावर कामे वाढत आहेत, हे कुणी सांगायला नको. पण ती कामे आणि आयटीआय करून घरी बसलेला मुलगा यांची गाठ पडायची कशी, हा प्रश्न सुटलेला नाही. तो मुलगा उत्तर फोनमध्ये शोधतो आणि फसवणारेही तेथेच बसलेले असतात.

नोकऱ्या आहेत, तर जाहिराती कुठे आहेत?

‘विमानतळाची भरती’ अशी एकच एक गोष्ट अस्तित्वात नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. नवी मुंबई विमानतळाच्या कंपनीत अदानी समूहाचा ७४ टक्के आणि सिडकोचा २६ टक्के वाटा आहे. पण तेथे काम करणारा प्रत्येक जण त्या कंपनीचा नोकर नसतो. सामान चढवणे-उतरवणे, मालवाहतूक, साफसफाई, दुकाने, खानपान ही कामे वेगवेगळ्या कंपन्या आणि त्यांचे कंत्राटदार करतात. हवाई वाहतूक नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असते आणि त्यांची भरती देशपातळीवरील परीक्षेतून होते. सीआयएसएफची भरतीही स्वतंत्र. त्यामुळे ‘विमानतळावर सरकारी नोकरी लावून देतो’ असे म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा : पगार कोणत्या कंपनीच्या नावाने निघणार? या एका प्रश्नावर अनेक दलालांचा फोन बंद होतो.

बंदराचेही तसेच. १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराचे टर्मिनल आता खासगी कंपन्या चालवतात. त्याभोवती कंटेनर फ्रेट स्टेशन, गोदामे, वाहतूकदार आणि कस्टमचे काम पाहणाऱ्या एजंटांची कार्यालये आहेत. उरण तालुक्यातल्या मुलांना ‘सीएफएस’ हा शब्द शाळेत असल्यापासून ठाऊक असतो. मात्र या कंत्राटी जागांपैकी बहुतेकांची जाहिरात वर्तमानपत्रात येत नाही. सुपरवायझर आपल्या ओळखीच्याला निरोप देतो, तो त्याच्या भावाला. भरती तोंडोतोंडी होते आणि बाहेरच्याला तिचा पत्ता लागत नाही. ही पोकळी बनावट पोस्टर भरून काढते.

ओळखीने नोकरी, ही तर जुनीच रीत?

जुनीच. गिरणगावात गिरण्यांमधली भरती जॉबरच्या हाती असे. तो गावाकडची माणसे आणी, कामाला लावी आणि दस्तुरी घेई. कोकणातून जहाजावर जाणाऱ्यांना सेरंग आणि घाट-सेरंग यांचा उंबरठा झिजवावा लागे; जहाज मिळण्याआधीच पगारातला हिस्सा त्यांच्या खिशात गेलेला असे. गावकीच्या खोल्यांमध्ये मुक्काम आणि ओळखीच्या माणसाकडून चिठ्ठी, यावर कित्येक पिढ्यांनी मुंबई गाठली. आजचा व्हॉट्सअॅप गट त्या खोलीची जागा घेतो आहे. टेलिग्रामवरचा ‘शिपिंग एजंट’ घाट-सेरंगची जागा घेतो, फरक इतकाच की घाट-सेरंगचे तोंड तरी पाहायला मिळे.

ओळखीचा उपयोग नेमका कसा होतो, यावर समाजशास्त्रात बरेच काम झाले आहे. अमेरिकी अभ्यासक मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना ती ओळख किती जवळची होती असे विचारले होते. नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळाली असे सांगणारे १७ टक्क्यांच्या आसपासच होते. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. कारण साधे आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दुसऱ्या आळीतून येते.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील पाच वर्षांच्या प्रयोगांचा निष्कर्ष आला. त्यानेही दूरच्या ओळखींना कौल दिला, पण एक दुरुस्ती केली : संगणकाशी निगडित क्षेत्रांत दूरची ओळख अधिक कामी येते, तर जेथे डिजिटल वापर कमी तेथे जवळची. अभ्यास परदेशी मंचाचा असला, तरी रायगडच्या वाचकासाठी त्यातला हा भाग महत्त्वाचा आहे. पनवेलच्या लॉजिस्टिक्स कार्यालयात किंवा आयटी कंपनीत जायचे असेल तर लिंक्डइनवरचा अनोळखी माजी विद्यार्थी उपयोगी पडेल. क्रेन ऑपरेटर, वेल्डर, फोर्कलिफ्ट चालक यांना मात्र आयटीआयच्या आपल्याच बॅचचा गट अधिक कामाचा.

मग फोनवर नेमके काय करावे?

‘भाऊ, कुठे जॉब असेल तर सांगा’ हा संदेश कुणाच्याच उपयोगाचा नसतो. वाचणारा ‘हो’ म्हणतो आणि विसरतो. त्याऐवजी चार ओळी पुरतात : शिक्षण आणि ट्रेड, अनुभव असल्यास कुठला, कोणता परवाना हाती आहे, कोणत्या तारखेपासून येऊ शकतो. आणि नोकरी मागण्याऐवजी माहिती विचारावी. ‘तुमच्याकडे या कामाची भरती कोणता कंत्राटदार करतो?’ याचे उत्तर द्यायला समोरच्याला अवघड वाटत नाही. नोकरी देणे त्याच्या हातात नसते, नाव सांगणे असते.

अलिबाग-मुरुडकडच्या उमेदवाराने आणखी एक गोष्ट आधीच विचारावी : पाळी किती वाजता सुटते आणि कंपनीची बस कुठपर्यंत येते? ‘नवी मुंबई’ हे शब्द पोस्टरवर जवळचे वाटतात. रेवदंड्याहून रोज ये-जा करून पाहिली की अंतर कळते. भाडे आणि खानावळ वजा केल्यावर हातात काय उरते, याचा हिशेब रुजू होण्यापूर्वीच करायचा असतो. मुलींच्या बाबतीत रात्रपाळीच्या वाहनाचा प्रश्न तर पहिलाच.

संदेश पारखायचा असेल तर त्याच्या डोक्यावरची खूण पाहावी. व्हॉट्सअॅपवर दोन बाणांची खूण म्हणजे तो संदेश किमान पाच हात फिरून आला आहे. भरतीचा संदेश इतका फिरला असेल तर जागा एक तर भरलेली असते किंवा मुळातच नसते. कंपनीचे नाव असेल तर तिच्या संकेतस्थळावर जाऊन पाहावे. तेथल्या दूरध्वनीवर विचारावे, पोस्टरवरच्या नव्हे. मोठ्या कंपनीचे नियुक्तिपत्र जीमेलच्या पत्त्यावरून आले तर ते जवळपास नक्कीच बनावट.

समाजमाध्यमांवर वेळ घालवताना सरकारी दारेही ठोठावलेली बरी. राज्याचे महास्वयम पोर्टल, केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि शिकाऊ उमेदवारीचे पोर्टल यांवर नोंदणीला पैसे लागत नाहीत. थळचा आरसीएफ प्रकल्प शिकाऊ उमेदवार घेतो. या पोर्टलांची मांडणी किचकट आहे, हे खरे. फेसबुक पाच मिनिटांत उघडते आणि सरकारी अर्ज तासभर अडतो, म्हणूनही मुले फेसबुककडे वळतात.

जहाजावरच्या नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर?

श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या भागांत हा प्रश्न घरोघरचा आहे. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा ‘आरपीएसएल’ परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार, जो भारताने २०१५ मध्ये स्वीकारला, नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च त्याचा. जहाज मिळवून देण्याची ‘सर्व्हिस’ मात्र विकायची वस्तूच नाही. तरीही ती लाखांच्या भावाने विकली जाते आणि समाजमाध्यमांनी तिला नवी बाजारपेठ मिळवून दिली. ‘कोर्स न करता सीडीसी’, ‘आठवड्यात जॉइनिंग’ हे शब्द दिसले की तेथेच थांबावे. विनापरवाना दलालामार्फत गेलेला खलाशी परदेशी बंदरात अडकला, तर त्याच्या बाजूने उभे राहायला कागदावर कुणीच नसते.

सीडीसी, पासपोर्ट, आधार यांची छायाचित्रे खुल्या गटात टाकण्याची सवय मोडायला हवी. ‘सीव्ही टाका’ म्हटल्यावर सगळी कागदपत्रे टाकणारे कमी नाहीत. त्याच कागदांवर दुसऱ्याच्या नावाने सिमकार्ड आणि बँक खाते निघू शकते.

आखात आणि त्यापलीकडे

आखातात पाठवणारा दलाल परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत असावा लागतो. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचे नाव तपासता येते. त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. दहावी पास नसलेल्यांना १८ देशांत नोकरीसाठी जाताना शासनाची मंजुरी लागते आणि त्यासोबत १० लाखांचा विमा मिळतो. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, मग बघू’ असे सांगणारा दलाल ही सगळी ढाल काढून घेत असतो.

थायलंडमध्ये डेटा एंट्रीचे काम, हे आमिष त्याहून भयानक निघाले. समाजमाध्यमांवरून गाठलेल्या तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने ६० हून अधिक जणांच्या सुटकेची आणि दलालांच्या अटकेची माहिती दिली.

सावध राहायचे ते फक्त उमेदवारानेच?

आतापर्यंतच्या सगळ्या सूचना तरुणांसाठी आहेत आणि नेमके हेच खटकते. ज्यांच्याकडे जागा आहेत त्यांनी काहीच करायचे नाही का? विमानतळ कंपनी, बंदर प्राधिकरण, डोळवी-नागोठण्याचे मोठे कारखाने यांच्याकडे समाजमाध्यमांची अधिकृत पाने आहेत. उद्घाटनांची छायाचित्रे तेथे झळकतात. आपल्याकडे कोणते कंत्राटदार मनुष्यबळ घेतात, त्यांची नावे आणि दूरध्वनी मराठीत त्याच पानांवर ठेवले तर बनावट पोस्टरची निम्मी ताकद संपेल. सिडको आणि बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, १९८४ मध्ये ज्यांच्या घरची माणसे जासईच्या आंदोलनात गोळीबाराला बळी पडली, त्या गावांतल्या नातवंडांनी नोकरीची खबर फिरत्या पोस्टरवरून मिळवावी, हे शोभणारे नाही.

पैसे गेलेच तर?

१९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. रागाच्या भरात संवाद पुसू नये, गटातून बाहेर पडण्याआधी क्रमांक आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट घ्यावेत. परवानाधारक जहाज कंपनीविरुद्ध नौवहन महासंचालनालयाकडे आणि आखाती दलालाविरुद्ध मुंबईतील प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयाकडे जाता येते. किनाऱ्यावर अडचण वेगळीच असते : दलाल बहुधा शेजारच्या गावचा, कुणाच्या तरी पाहुण्यातला असतो. ‘कशाला वाकडे घ्यायचे’ म्हणून तक्रार होत नाही आणि त्याचा क्रमांक पुढच्या गटात नव्या पोस्टरखाली दिसतो.