पंख्याचं विमान धोक्याचं का? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे



जळगावहून पुण्याला, गोव्याला विमानाने जायचं म्हटलं की आपल्या यावल-फैजपूरकडे एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, ते पंख्यावालं बारकं विमान आहे ना? त्यात बसणं बरं का?" १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडल्यापासून तर हा प्रश्न जास्तच येतोय. ते विमान मोठं होतं, जेट होतं, त्याला बाहेर फिरणारे पंखे नव्हते. तरी राग निघतोय तो पंख्यावाल्यावर!

एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे. ज्यांची पोरं पुण्यात-हैदराबादला आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गैरसमज काढू. पंखा दिसतो म्हणून इंजिन जुनाट, असं नसतं. आत जेटसारखंच टर्बाइन असतं, फक्त ते आपली ताकद पंखा फिरवायला लावतं. याला टर्बोप्रॉप म्हणतात. तास-दीड तासाच्या प्रवासाला ते कमी इंधनात जातं आणि छोट्या धावपट्टीवर उतरतं. जळगावसारख्या ठिकाणी बहुतेक हीच विमानं आली ती यामुळेच. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेत एअर डेक्कनचं एकोणीस आसनी बीचक्राफ्ट आलं आणि थोड्या दिवसांत बंद पडलं. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. आता २०२४ पासून फ्लाय९१ आणि अलायन्स एअर. ट्रूजेटपासून पुढच्या या कंपन्यांचं विमान एकाच घराण्यातलं: एटीआर. फ्रान्स आणि इटलीच्या कंपन्यांनी मिळून बनवलेलं, दोन इंजिनांचं. त्यातलं सत्तरेक आसनांचं एटीआर ७२ पहिल्यांदा उडालं १९८८ मध्ये.

आता मुद्द्यावर येऊ. हे विमान पडलंय का? हो, पडलंय. बऱ्याचदा पडलंय. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण प्रत्येक वेळी का पडलं ते वाचलं, की आपण कशाला घाबरायचं ते कळतं.

३१ ऑक्टोबर १९९४. अमेरिकेत इंडियानापोलिसहून शिकागोला निघालेलं एटीआर ७२ उतरायच्या रांगेत आभाळात घिरट्या घालत होतं. बाहेर गोठणारा पाऊस. पंखांच्या पुढच्या कडेवर बर्फ फोडायला रबरी पट्टे असतात, ते हवेने फुगतात आणि बर्फ तुटतो. पण त्या दिवशी बर्फ पट्ट्यांच्या मागे, जिथं पट्टे पोहोचत नाहीत तिथं जमला. विमान एकाएकी कलंडलं आणि रोझलॉन गावाजवळच्या शेतात कोसळलं. ६८ जण गेले. चौकशीत निघालं की बर्फामुळे या विमानाचा ताबा सुटल्याच्या घटना आधीही घडल्या होत्या. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने कंपनीवर ठपका ठेवला की तुम्ही ती माहिती पुरेशी पुढे दिली नाही. फ्रान्सच्या आणि आपल्याच देशाच्या सरकारी यंत्रणेलाही सोडलं नाही. त्यानंतर रबरी पट्टे रुंद झाले, वैमानिकांसाठी नियम बदलले.

६ ऑगस्ट २००५. इटलीहून ट्युनिशियाला निघालेलं ट्यूनइंटरचं एटीआर ७२. टाकीत इंधन किती ते दाखवणारा काटा बिघडला म्हणून बदलला. बसवला तो एटीआर ४२ चा, म्हणजे धाकट्या भावाचा. दिसायला सारखा, खाचेत बरोबर बसणारा. टाकी रिकामी होत आली तरी काटा इंधन दाखवत राहिला. दोन्ही इंजिनं बंद पडली, विमान सिसिलीजवळ समुद्रात उतरवावं लागलं. ३९ पैकी १६ जण गेले. आपल्याकडे ट्रॅक्टरला दुसऱ्या मॉडेलचा पार्ट "चालून जाईल" म्हणत बसवतात ना? तेच.

४ फेब्रुवारी २०१५. तैवानमध्ये तैपेईहून ट्रान्सएशियाचं एटीआर ७२ उडालं आणि मिनिटभरात उजव्या इंजिनाचा पंखा यंत्रणेतल्या बिघाडाने आपोआप निकामी झाला. इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. दोन इंजिनांचं हे विमान एका इंजिनावर उडू शकतं, वर चढू शकतं, परत येऊन उतरू शकतं. दुसरं इंजिन असतं ते त्यासाठीच. पण घाईत कॅप्टनने चालू असलेलं डावं इंजिन बंद केलं. विमान पुलाला घासून नदीत पडलं. ५८ पैकी ४३ जण गेले. चौकशीत त्या कॅप्टनच्या प्रशिक्षणातल्या उणिवाही बाहेर आल्या.

१५ जानेवारी २०२३. नेपाळ, पोखरा. यती एअरलाइन्सचं एटीआर ७२. आत ७२ माणसं, त्यात पाच भारतीय. धावपट्टी समोर दिसत होती. एक दांडा ओढायचा होता, त्याऐवजी शेजारचे दोन ओढले गेले असावेत, असं चौकशीने सांगितलं. त्याने दोन्ही पंख्यांची पाती हवेला आडवी व्हायची ती सरळ झाली आणि विमानाला ओढणारी ताकदच संपली. इंजिनं चालू, पण जोर शून्य. एकही जण वाचला नाही.

आणि ९ ऑगस्ट २०२४. ब्राझीलमध्ये व्होपास कंपनीचं एटीआर ७२ भोवऱ्यासारखं गरगरत वस्तीत कोसळलं, तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. ६२ जण गेले. प्राथमिक अहवालात पुन्हा तोच शब्द: बर्फ. बर्फाचा इशारा मिळाला होता, बर्फ फोडणारी यंत्रणा चालू-बंद होत होती. पुढे तिथल्या सरकारने आधी कंपनीची उड्डाणं थांबवली आणि मग २०२५ मध्ये तिचा परवानाच रद्द केला.

आता हे पाच अपघात शेजारी शेजारी ठेवून बघा. पंखा तुटून विमान पडलं असं यात एकदाही नाही. कुठं माहिती दाबली गेली, कुठं चुकीचा पार्ट बसला, कुठं वैमानिकाची तयारी कच्ची होती, कुठं घाईत हात चुकला, कुठं इशाऱ्याकडे लक्ष दिलं गेलं नाही. थोडक्यात, विमानापेक्षा विमान चालवणारी, दुरुस्त करणारी आणि तपासणारी माणसं महत्त्वाची. एकाच कारखान्यातलं तेच विमान एका कंपनीकडे वीस वर्षं सुखरूप उडतं आणि दुसरीकडे पडतं.

काही जण म्हणतील, "हे परदेशातलं झालं, आपलं काय?" तर आपलंही आहे.

सप्टेंबर १९८९ मध्ये पुण्याहून हैदराबादला निघालेलं वायुदूतचं डॉर्नियर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात पडलं. तेही दोन इंजिनांचं, पंख्याचं. आतले अकराच्या अकरा जण गेले. मे २०२२ मध्ये नेपाळात तारा एअरचं ट्विन ऑटर ढगात शिरून डोंगराला धडकलं, त्यातल्या २२ जणांत ठाण्याचं चार जणांचं एक कुटुंब होतं. नोव्हेंबर २००९ मध्ये मुंबईत पावसात किंगफिशरचं एटीआर धावपट्टी सोडून पुढे गेलं, नशिबाने सगळे वाचले. आणि ९ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईहून भुजला निघालेल्या अलायन्स एअरच्या एटीआरच्या इंजिनावरचं झाकण उड्डाणाच्या वेळीच निघून धावपट्टीवर पडलं. विमान भुजला सुखरूप उतरलं. पण झाकणाची कडी नीट लागली की नाही हे निघण्याआधी बघायचं काम कुणाचं तरी होतंच ना?

मग बसायचं की नाही? माझं मत विचाराल तर बसा, बिनधास्त बसा. यावलहून पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाण्यात जो धोका आपण रोज न विचारता पत्करतो, त्यापुढे विमानाचा धोका फार कमी आहे. पण बसताना डोळे झाकून नको. आणि ज्यांना आपण निवडून दिलंय त्यांना विचारल्याशिवाय तर नकोच.

विमानसेवेबद्दल आपल्याकडे निवेदनं निघतात ती कशाची? फेऱ्या वाढवा, तिकीट कमी करा, मुंबईची वेळ बदला. चांगल्या मागण्या आहेत. पण त्यात तीन प्रश्न घाला.

एक, पावसाळ्यात ढग खाली आलेले असताना विमान सुरक्षित उतरवायला जळगावला कोणती यंत्रणा आहे आणि कोणती यायची आहे? नसेल तर विमान परत जाणं, रद्द होणं हेच बरोबर. अशा वेळी काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका. "आलं असतं की, थोडक्यात घाबरला पायलट" म्हणणारे आपल्यातच असतात. जो पायलट परत फिरतो तो आपला शत्रू नाही.

दोन, या छोट्या कंपन्यांकडे मोजकी विमानं. एक बिघडलं की वेळापत्रक कोसळतं आणि ते लवकर उडवण्याचा दबाव दुरुस्ती करणाऱ्यांवर येऊ शकतो. त्यांची तपासणी डीजीसीए किती वेळा करतं आणि त्यात काय सापडतं, हे प्रवाशाला सहज कळलं पाहिजे.

तीन, वैमानिकाची झोप. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ती आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, कंपनीची तयारी नव्हती, आणि शेवटी सैल कोण झालं? नियम झाले, तात्पुरते का होईना. लोक विमानतळावर अडकले म्हणून आपण सगळे चिडलो. पण थकलेला माणूस विमान चालवणार का, हा प्रश्न त्या गर्दीत हरवला.

आता शेवटचं. हे लिहायला बसलो ते खरं तर यासाठीच.

२०२१ या एकाच वर्षात आपल्या सातपुड्याच्या कुशीत दोन अपघात झाले. १६ जुलैला चोपडा तालुक्यात वर्डीकडच्या डोंगरात शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचं छोटं विमान पडलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ मुलगी जखमी झाली. एका आदिवासी माउलीने अंगावरची साडी सोडून झोळीला दिली आणि लोकांनी त्या मुलीला डोंगरातून खाली आणलं. चौकशी पथक पाठवत असल्याचं खुद्द केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर केलं. बरोबरच झालं.

त्याच्या पाच महिने आधी, १५ फेब्रुवारीच्या सुमारास मध्यरात्री, आपल्याच तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला. रावेर तालुक्याकडचे किमान पंधरा मजूर गेले. त्यात बायका होत्या, पोरं होती. मदत जाहीर झाली, नेते येऊन गेले. पण ट्रकची अवस्था काय होती, ड्रायव्हर किती तास जागा होता, रस्ता त्या जागी कसा होता, मजुरांना मालासोबत बसून रात्री का यावं लागलं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून कुणी काय बदलायचं, असा कलमवार अहवाल तुम्ही कुठं वाचलाय? मी शोधतोय.

विमान आज सुरक्षित झालंय ते देवाच्या कृपेने नाही. रोझलॉनच्या शेतात ६८ माणसं गेली तेव्हा कुणीतरी "नशीब" म्हणून फाइल बंद केली नाही. तुकडा न् तुकडा गोळा केला, चूक कुणाची ते छापलं, पट्टे रुंद केले. आणि जिथं तो धडा नीट पाळला जात नाही तिथं तीस वर्षांनीही माणसं जातात. विमानात बसणाऱ्यासाठी जग एवढं करतं. ट्रकच्या मालावर बसणाऱ्यासाठी का नाही? बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर गेलेल्या प्रत्येक जिवामागे चार पानांचा खरा अहवाल निघाला असता आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला असता, तर किनगावनंतरचे किती अपघात टळले असते?

माझी मागणी साधी आहे. तालुक्यात रस्त्यावर तीन किंवा जास्त माणसं एका अपघातात गेली, की पोलीस, आरटीओ, बांधकाम खातं आणि एक डॉक्टर यांनी मिळून महिनाभरात कारणांचा अहवाल द्यायचा आणि तो लोकांसाठी उघडा करायचा. कुणाला फासावर लटकवायला नाही, पुढचा अपघात टाळायला. विमानाच्या चौकशीचा उद्देशही नेमका हाच असतो.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार? गावाचं नाव कमेंटमध्ये लिहा. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो, पैसे नाही घेणार.