चार महिन्यांचं छप्पर

महाशिवरात्र झाली की धारूरच्या घाटातलं ऊन बदलतं. सकाळी नऊलाच डोंगर पांढरा दिसायला लागतो. परसातली सीताफळं, ज्यांच्यामुळे बालाघाटाचं नाव दूरच्या बाजारात पोहोचलं, नेमकी याच दिवसांत पानं टाकून उघडी पडतात. सावलीची गरज लागते तेव्हा झाडच हात वर करतं. यंदा पुतण्यानं परसातल्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात रसवंती टाकायचं ठरवलं. यंत्र ठरलं, ऊस ठरला, घुंगरूसुद्धा आणून ठेवले. अडलं ते छपरावर.

"काका, पत्रा टाकून मोकळं होऊ," तो म्हणाला. "वीस वर्षं वर बघायचं काम नाही."

त्याच्या वयाच्या पोरानं पत्र्याशिवाय दुसरं छप्पर फारसं पाहिलेलंच नाही. मी मात्र माळवदाखाली वाढलो. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर लिंबाचा पाला आणि मग हातभर पांढरी माती. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आजी त्या खणात घोंगडी टाकून निजायची आणि तिला पंखा लागायचा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली आणि माळवदावरचा विश्वास गेला. जी माती थंडावा देत होती तीच झोपलेल्या माणसांवर कोसळली, जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर आमच्या गल्लीत एकेकानं माळवद उतरवलं आणि पत्रे चढवले. भीती खरी होती. डोक्यावर वजन नको, एवढंच तेव्हा कळत होतं. उन्हाचा हिशेब कुणी केला नाही आणि त्या वर्षी तो करायची कुणाची मनःस्थितीही नव्हती.

पत्रा ही मुळात गोदीसाठी निघालेली वस्तू. लंडनच्या गोदीतल्या एका अभियंत्यानं, हेन्री पामरनं, 1829 साली नालीदार लोखंडी पत्र्याचं पेटंट घेतलं. सपाट पत्रा वाकतो, नागमोडी केला की तोच पत्रा आधाराविना लांब अंतर पेलतो. पुढे 1837 मध्ये फ्रान्समध्ये लोखंडावर जस्त चढवायची रीत आली आणि गंजाचा प्रश्नही बराचसा सुटला. हलका, टिकाऊ, गाडीवर रचून कुठंही नेता येणारा. थंड, ओल्या देशातल्या मालाच्या गोदामाला तो फार चांगला. धारूरच्या एप्रिलमधल्या माणसाला तो सोसवत नाही. माझ्या स्वयंपाकघरावर पत्रा आहे, म्हणून हे अंगावर घेऊन सांगतो. तो अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. ऊन लागलं की लगेच तापतो आणि खालच्या अंगानं धग सोडत राहतो. वारा असला तरी ती धग सरळ टाळूवर उतरते. वरून चुना मारला तर फरक पडतो. अहमदाबादेत 2013 पासून उष्म्याचा आराखडा राबवतात, त्यात पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करायचं काम झालं. आम्हीही दरवर्षी चुना मारतो. पण रसवंतीला येणारा माणूस उन्हातून आलेला असतो. त्याला दहा मिनिटं बसायचं असतं, आणि त्या दहा मिनिटांत त्याचं डोकं निवलं पाहिजे. गार रसाचा पेला हातात आणि तापलेला तवा डोक्यावर, असं कुणाला बसवणं मला पटेना.

सिमेंटचा पत्रा त्यापेक्षा थोडा कमी तापतो, म्हणून पुतण्यानं तोही सुचवला. परसात मागच्या भिंतीला टेकवलेले जुने चार पत्रे आहेतच, तेच कापून बसवू म्हणाला. इथं मात्र मी आवाज चढवला. तसल्या जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. ते कापलं, भोक पाडलं, फोडलं की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून होणारा कर्करोग वीस-तीस वर्षांनी वर येतो. युरोपीय संघानं 2005 पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे असा पत्रा अजून विकत मिळतो. ज्यांच्या घरावर तो आहे त्यांनी घाबरून उपटून काढू नये, शाबूत असेल तर राहू द्यावा, पण त्यावर करवत चालवू नये आणि पोरांना त्यावर नाचू देऊ नये. आमचे चार पत्रे आम्ही तसेच अखंड ठेवले.

शेडनेट स्वस्त, दोन तासांत बांधून होतं आणि गरम हवा त्यातून वर निघून जाते. पंचाहत्तर टक्के सावलीची जाळी आणून आम्ही एक दिवस बांधूनही पाहिली. खाली बसलं की सगळं हिरवं. माणसांचे चेहरे हिरवे, पेलेही हिरवे. रसाचा ताजेपणा डोळ्यांना कळतच नाही. शिवाय अवकाळीचा एक सपाटा आला की जाळी पोटात पाणी धरून लोंबते. 2014 च्या गारपिटीत मराठवाड्यात काय काय फाटलं ते आठवलं आणि जाळी उतरवली.

मग शेजारच्या वस्तीवरच्या मामांना बोलावलं. मामांनी तरुणपणापासून गुडघे साथ सोडेपर्यंत ऊसतोडीला कोयत्यावर हंगाम काढले. परसात येऊन त्यांनी आधी सावलीकडे पाहिलं, मग विचारलं, "रसवंती किती दिवस चालायची?"

"मिरगापर्यंत," पुतण्या म्हणाला.

"मग छप्पर वीस वर्षांचं कशाला?"

आम्ही दोघं गप्प झालो. पंधरा दिवस आम्ही काय टिकेल याचीच चर्चा करत होतो. किती दिवस टिकायला हवं, हे मामांनी येताक्षणी विचारलं.

हंगामापुरतं छप्पर काही नवं नाही. कोकणात अंगणातला मांडव दिवाळीनंतर उभा राहतो आणि पावसाआधी उतरतो. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकही हंगामापुरत्याच. बांबू, लाकडाचे खांब, वर माडाची झावळी आणि पाऊस यायच्या आत सगळं मोडून किनारा मोकळा. अमेरिकेतही 1930 च्या दशकात हॉलिवूडमध्ये पॅसिफिक बेटांच्या धर्तीवर पानांनी शाकारलेली पेयगृहं निघाली, टिकी बार म्हणतात त्यांना. पुढं लोकांनी घरामागच्या अंगणात तशा ओसऱ्या बांधल्या. ती पानं टिकत नाहीत, चटकन पेट घेतात, म्हणून आता तिकडे प्लॅस्टिकची पानं विकत मिळतात. मला त्यात हशील दिसत नाही. पानाच्या छपराचा गुण पानात आहे. एकावर एक पडलेल्या पात्यांमध्ये हवा अडकून राहते, ती हवा उन्हाला खाली येऊ देत नाही, आणि गरम झालेला वाफारा त्याच फटींतून वर जातो.

आमच्याकडे माड नाही. पाचट आहे. माजलगाव धरणाच्या पाण्यावर तेलगावकडे ऊस उभा असतो, तेलगावला कारखानाही आहे. तोडणी झाली की शेतात पाचटाचा गुडघाभर थर राहतो. जाळू नका, रानातच कुजू द्या, असं कृषी खातं सांगतं, तरी पुष्कळ जण काडी लावतात. काडी लावायच्या बेतात असलेल्या एका शेतकऱ्याकडून आम्ही ट्रॉलीभर पाचट मागून आणलं.

मामांनी काम कसं केलं ते लिहून ठेवलं पाहिजे, कारण ते जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. बाभळीच्या दुबेळक्याच्या मेढी रोवल्या. वेळू आधी पंधरा दिवस हौदात बुडवून ठेवायला लावले होते, तसं केलं की भुंगा कमी लागतो. आढं उंच घेतलं, उतार उभा ठेवला. "पाण्याला बसायला जागा द्यायची नाही," ते म्हणाले. बसकं छप्पर लवकर कुजतं. कामट्या वीतभर अंतरानं बांधल्या. पाचटाच्या पेंढ्या वळचणीपासून सुरू करून वर वर नेल्या, प्रत्येक थर खालच्याच्या अर्ध्यावर. बांधायला नायलॉनची दोरी होती, पण मामांनी केकताडाचा वाख मागितला. ओला करून आवळला की वाळताना तो आणखी घट्ट होतो. रसाचं यंत्र आणि विजेची तार मात्र या छपराखाली येऊ दिली नाही. एक ठिणगी पुरे. यंत्रावर वेगळा छोटा पत्रा, मध्ये चार हात मोकळी जागा, कडेला पाण्याची दोन पिंपं. म्हणजे पुतण्याच्या म्हणण्यालाही जागा मिळाली.

काम चालू असताना मी मामांना विचारलं, हे शिकलात कुठं. ते म्हणाले, कोपीत.

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो. आमच्या धारूर तालुक्यातूनही जातो. कारखान्याच्या तळावर, नाहीतर शेताच्या बांधावर, चार वेळू वाकवून वर चटई, पाचट, ताडपत्री टाकतात, ती कोपी. तिच्यात उभं राहता येत नाही. पाच-सहा महिने संसार तिथंच, चूलही बहुधा तिच्याच तोंडाशी. थंडीत दव आत गळतं, अवकाळी आला की धान्य भिजतं, आणि चुलीच्या ठिणगीनं कोपी पेटल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. मी ज्या छपराला थंड, सुंदर, मातीत मिसळणारं म्हणून मिरवायला निघालो होतो, त्याच छपराखाली मामांची दोन लेकरं वाढली. त्यांना तिथं निवड नव्हती. पाचटाचा गुण मला आवडतो, तो खरा आहे, आणि तोडणी मजुराला हंगामभर पक्क्या भिंतीचा निवारा, पाणी आणि न्हाणी मिळायला हवी, हेही तितकंच खरं आहे. दहा मिनिटं बसणाऱ्याचं छप्पर आणि सहा महिने राहणाऱ्याचं छप्पर एकाच मापानं मोजता येत नाही.

मामांना हे बोलून दाखवलं तेव्हा ते पेंढी आवळत होते. "कोपीला एवढा उतार देता येत नाही," ते एवढंच म्हणाले. "वेळू तेवढे लांब कोण देतंय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी काम उरकलं. पुतण्यानं पहिला रस मामांना दिला. ते खाली बसले, पेला बाजूला ठेवला आणि डोकं मागं टाकून बराच वेळ वर पाहत राहिले. आढ्याच्या डाव्या अंगाला मोहरीएवढा उजेड दिसत होता. आम्हाला दोघांनाही तो दिसला नव्हता.

"शिडी आण," मामा म्हणाले.