ग्राफ जुळला म्हणून आकडे खरे?

टेस्ट केसेस समोर ठेवून लिहिलेला कोड त्याच टेस्ट केसेस पास करतो. यात कौतुक कसलं? हे आपल्या धंद्यात सगळ्यांना पटतं. पण तोच प्रकार गणिती मॉडेलच्या नावाने केला की लोक टाळ्या वाजवतात!

उदाहरण चेतापेशीचं घेऊ. पेशीच्या आवरणात सोडियम, पोटॅशियम वगैरेंची सूक्ष्म दारं असतात. ती उघडली-मिटली की प्रवाह वाहतो, व्होल्टेज क्षणभर उसळतं. या प्रवाहांच्या समीकरणांचा साचा माहीत आहे. पण कुठली दारं किती आणि ती किती वेगाने उघडतात, हे आकडे (म्हणजेच पॅरामीटर्स) शोधावे लागतात.

सोपा उपाय? पेशीच्या व्होल्टेजचा ग्राफ घ्यायचा आणि जेनेटिक अल्गोरिदमला सांगायचं, बाबा रे, आकडे फिरवत बस, ग्राफ जुळला की थांब. सकाळी ऑफिसला यावं तर ग्राफ चपखल बसलेला. वाटा पेढे!

जरा थांबा. २००४ साली प्रिन्झ, बुखर आणि मार्डर यांनी लॉबस्टरच्या जठराची लय चालवणाऱ्या चेतापेशींच्या जाळ्याची २ कोटींहून जास्त मॉडेल्स कॉम्प्युटरवर चालवून पाहिली. आकडे एकमेकांपासून कुठच्या कुठे, पण लय जवळपास तीच, अशी ढीगभर मॉडेल्स निघाली. बरं, मग सरासरी काढावी? तेही २००२ साली मार्डर यांच्याच गटाने तपासलं होतं. सारखं वागणाऱ्या मॉडेल्सच्या आकड्यांची सरासरी घेतली, तर ते सरासरी मॉडेल तसं वागेलच असं नाही.

'मग बिघडलं काय, ग्राफ तर येतोय ना?' बिघडतं असं, की औषध ग्राफवर काम करत नाही, दारांवर करतं. ड्राव्हे सिंड्रोम हा लहान मुलांमधला अपस्माराचा गंभीर प्रकार. त्यात बहुतेकदा सोडियमच्या दाराच्या जनुकात दोष असतो, आणि सोडियमची दारं अडवणारी, एरवी फिट्स थांबवणारी काही औषधं इथे उलट फिट्स वाढवू शकतात. कुठल्या पेशीत कुठली दारं किती, हेच चुकलं तर जुळलेल्या ग्राफचं काय लोणचं घालायचं?

आता जुन्या लोकांकडे बघा. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विडच्या जाडजूड चेतातंतूवरचं काम प्रसिद्ध केलं. ते उसळीचा ग्राफ जुळवत बसले नाहीत. व्होल्टेज एका पातळीवर धरून ठेवून त्यांनी प्रवाह मोजले. समुद्राच्या पाण्यातल्या सोडियमच्या जागी कोलीन घालून सोडियमचा प्रवाह वेगळा काढला. प्रत्येक तुकड्याचे आकडे आधी पक्के केले, आणि मग त्यावरून अख्खी उसळ काढली. केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा फेरबदलांसाठी बंद, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर हिशेब केला! तंतूतून उसळ धावण्याचा वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्षात मोजलेला २१.२.

माझ्या मते हा अकरा टक्क्यांनी चुकलेला आकडा तंतोतंत जुळवलेल्या शंभर ग्राफांपेक्षा मोलाचा आहे. कारण तो जुळवलेला नव्हता, आधीच्या मोजमापांतून निघाला होता. तो साफ चुकूही शकला असता.

आता कोणी म्हणेल, मेंदूतली इवलीशी पेशी म्हणजे स्क्विडचा तंतू नव्हे, तिथे प्रत्येक प्रवाह वेगळा मोजणं सोपं नाही. शिवाय दोन प्राण्यांतल्या त्याच पेशीचे आकडेही वेगळे असतात. अगदी मान्य! पण मग एकच 'बेस्ट फिट' मिरवू नका. ग्राफ जुळवणारे आकड्यांचे सगळे संच मांडा, आणि एखादा प्रवाह निम्मा केला तर त्यातले किती संच एकच उत्तर देतात ते सांगा. उत्तरं फाटली, तर नेमकं तिथेच पुढचा प्रयोग करायला हवा, हे तरी कळेल.

असो. पुढच्या वेळी कोणी जुळलेला ग्राफ तुमच्या नाकासमोर नाचवला तर एवढंच विचारा, 'याने न पाहिलेलं काय बरोबर सांगितलं?'